परंपरा कोणती आणि आयात कोणती?

गेल्या वर्षी आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात मुलांनी सिंहगडाच्या लढाईवर अर्ध्या तासाचे नाटक बसवायला घेतले. तानाजीच्या भूमिकेसाठी चार मुलांनी वाचन केले. पाचवे वाचन सातवीतल्या एका मुलीने हट्टाने मागून घेतले. 'आधी लगीन कोंढाण्याचे' हे वाक्य तिने असे काही म्हटले की मंडपात खुर्च्या लावणारी माणसे हातातले काम टाकून बघत राहिली. भूमिका कोणाला द्यायची हा प्रश्न तेथेच संपायला हवा होता. तो संपला नाही. रात्रीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी हरकत घेतली. "मुलीने तानाजी करायचा? हे परदेशी खूळ आपल्या उत्सवात नको. उद्या एखादा मुलगा जिजाबाई करील!" बैठक हसली. मुलीची रवानगी लेझीम पथकात झाली.

प्रस्तुत लेखक त्या बैठकीत उपस्थित होता. नाटकाच्या इतिहासाचे आपल्याला थोडेफार कळते, असा त्याचा स्वतःविषयी समज आहे. तरीही तो गप्प बसला. हा लेख म्हणजे त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त आहे, असे वाचकांनी समजावे.

त्याच आठवड्यात एका प्रायोगिक नाटकाचे निमंत्रण हाती आले. त्यात स्त्रिया पुरुषांच्या आणि पुरुष स्त्रियांच्या भूमिका करणार होते, कथा सरळ न सांगता तुकड्यातुकड्यांनी सांगितली जाणार होती, आणि एकच नट चार पात्रे रंगवणार होता. यात गैर काहीच नव्हते. गैर होता तो निमंत्रणातला दावा. भारतीय रंगभूमीला हे सारे सर्वस्वी नवे असून जुनाट परंपरेला हादरा देण्यासाठीच हा प्रयोग योजला आहे, असे त्यात अभिमानाने लिहिले होते.

आमचे ज्येष्ठ सदस्य आणि हे प्रयोगशील दिग्दर्शक एकमेकांच्या दारात उभे राहणार नाहीत. परंतु दोघांचा समज मात्र एकच आहे: स्त्रीने पुरुष आणि पुरुषाने स्त्री साकारणे ही बाहेरून आलेली गोष्ट आहे. एकाला या नवेपणाचे श्रेय हवे आहे, दुसऱ्याला त्यावर बंदी हवी आहे. आपल्या रंगभूमीचा इतिहास मात्र दोघांनाही ठाऊक नाही.

भरतमुनींची साक्ष

नाट्यशास्त्राचे नाव आपण सभा-समारंभांतून आदराने घेतो. ते उघडून पाहण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात. नटाने भूमिका कशी धारण करावी याचे तीन प्रकार भरताने सांगितले आहेत: अनुरूपा, विरूपा आणि रूपानुसारिणी. आपल्या लिंगाला आणि वयाला साजेशी भूमिका ती अनुरूपा. बालकाने वृद्ध किंवा वृद्धाने बालक साकारणे ती विरूपा. आणि पुरुषाने स्त्रीचा भाव धारण करणे ती रूपानुसारिणी. स्त्रीनेही आपल्या इच्छेनुसार पुरुषाची भूमिका करावी, अशी मुभा भरताने स्पष्ट दिली आहे. विशेष असे की वयाच्या उलटापालटीला त्याने नापसंती दर्शवली आहे, लिंगाच्या नव्हे! ज्या ग्रंथाला आपण पंचम वेद म्हणतो, त्याने दोन हजार वर्षांपूर्वी दिलेली परवानगी आमच्या वसाहतीच्या बैठकीने पाच मिनिटांत रद्द केली.

कथा सांगण्याच्या रीतीचेही तसेच. लोकव्यवहाराचे हुबेहूब अनुकरण ती लोकधर्मी, आणि संकेतांनी, कल्पनेने उभी राहते ती नाट्यधर्मी, असा भेद भरत करतो. नटाने रंगमंचाला एक फेरी घातली की अयोध्या मागे पडते आणि अरण्य सुरू होते. शेजारी उभ्या असलेल्या पात्राला ऐकू न जाणारे बोलणे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू जाते. सूत्रधार नाटकाबाहेर उभा राहून नाटकाविषयी बोलतो आणि पुढच्याच क्षणी नाटकाचा भाग होतो. ज्याला आज 'चौकट मोडणे' म्हणतात, त्यासाठी आधी चौकट असावी लागते. आपल्या रंगभूमीला ती मुळात नव्हतीच.

सांगलीपासून पुण्यापर्यंत

मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ सालापासून मोजतो. त्या वर्षी सांगलीला चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले. त्यात सूत्रधार पद्यातून कथा सांगत असे, विदूषक मध्ये येऊन हसवत असे, पात्रे आपापले बोलणे ऐन वेळी रचत असत, आणि सीता अर्थातच पुरुषच होता. पुढे १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणले, १८८२ मध्ये 'सौभद्र' आणले. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा पाहायला लोक बैलगाड्या जोडून येत. आपल्या आजोबा-पणजोबांना यात कोठेही संस्कृतीचा अधःपात दिसला नाही. उलट संस्कृत नाटकाच्या वैभवाचे पुनरुज्जीवन दिसले.

बालगंधर्वांविषयी तर काय सांगावे! १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. पुत्रीशोक गिळून नारायणराव राजहंस त्या रात्री भामिनी होऊन उभे राहिले. घरंदाज स्त्रिया त्यांच्या साडी नेसण्याची, अंबाड्याची, चालण्याची नक्कल करीत. स्त्रीने कसे दिसावे हे त्या काळच्या महाराष्ट्राला एका पुरुषाने शिकवले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

जुलै १९२१ मध्ये मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. हेच केशवराव बालवयात 'शारदा' नाटकातील शारदेच्या भूमिकेने गाजले होते. हा प्रयोग कशासाठी होता? टिळक स्वराज्य फंडासाठी! लोकमान्यांच्या नावाच्या त्या निधीत शालू नेसलेल्या एका पुरुषाने आपल्या कलेचे दान टाकले आणि त्या दानाने महाराष्ट्राची मान ताठ झाली. 'पुरुषाने स्त्री साकारली की पौरुषाचा ऱ्हास होतो' असे म्हणणाऱ्यांनी या एका प्रसंगाचे उत्तर द्यावे.

आणखी एक उदाहरण आपल्या मंडळींसाठी मुद्दाम देतो. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' हे नाटक १९३१ मध्ये बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातील सुलोचना पुरुषवेश धारण करून रणांगणाकडे निघते. तिच्या तोंडची पदे महाराष्ट्राने मास्टर दीनानाथांच्या गळ्यातून ऐकली आणि जिवापाड जपली. सातवीतल्या मुलीने तानाजीचा अंगरखा घातला म्हणून अस्वस्थ होणाऱ्यांनी सावरकरांची सुलोचना वाचलेली नाही, एवढेच म्हणावे लागेल.

मग 'परंपरा' आली कोठून?

येथे वाचक विचारतील, की एवढे सगळे होते तर स्त्रीची भूमिका स्त्रीनेच आणि पुरुषाची पुरुषानेच करावी, रंगमंच म्हणजे तीन भिंतींचा दिवाणखाना, आणि कथा सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपणारी, हा आपला आजचा 'रूढ' समज आला कोठून?

त्याचे उत्तर बरेचसे १९३३ सालात सापडते. त्या वर्षी 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले. श्री. वि. वर्तकांचे हे नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावर आधारलेले होते. नेपथ्य वास्तववादी, संवाद रोजच्या बोलण्यातले, आणि स्त्रियांच्या भूमिका ज्योत्स्ना भोळे व पद्मावती वर्तक यांनी केलेल्या. मराठी रंगभूमीला त्याने नवे वळण दिले आणि त्या वळणाबद्दल आपण कृतज्ञच असले पाहिजे. पण हिशेब स्पष्ट मांडू या. दिवाणखाना आला युरोपातून. अदृश्य चौथी भिंत आली युरोपातून. नट आणि पात्र यांचे दिसणे जुळलेच पाहिजे हा आग्रहही त्याच गलबतातून उतरला. नव्वद वर्षांपूर्वी आयात झालेल्या या मालाला आपण परंपरा म्हणून हृदयाशी धरले आहे, आणि आपल्या घरातले दोन हजार वर्षांचे धन 'परदेशी खूळ' म्हणून उंबऱ्याबाहेर काढतो आहोत. याला काय म्हणावे?

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. आपल्या प्रयोगशील मंडळींचे एक आराध्य दैवत म्हणजे जर्मन नाटककार ब्रेख्त. नट भूमिकेत विरघळून न जाता ती भूमिका प्रेक्षकांना 'दाखवतो', हा त्याचा गाजलेला सिद्धान्त. तो मांडताना ब्रेख्तने पुरावा कोणाचा दिला? १९३५ साली मॉस्कोत पाहिलेल्या मेइ लानफांग या चिनी नटाचा. हा नट चीनच्या पारंपरिक रंगभूमीवर स्त्रीभूमिका करण्यासाठी विख्यात होता! म्हणजे आशियातल्या एका स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाकडे पाहून युरोपीय नाटककाराने सिद्धान्त लिहावा, तो आपण जर्मनीहून मागवावा, आणि आपल्याच गावातला दशावतारी 'मागास' म्हणून दुर्लक्षावा. २०१६ साली लंडनमध्ये ग्लेन्डा जॅक्सन या अभिनेत्रीने किंग लिअर साकारला तेव्हा आपल्याकडे कौतुकाचे लेख आले. अभिनेत्री थोरच होती. परंतु ज्या इंग्लंडमध्ये १६६० पर्यंत व्यावसायिक रंगमंचावर स्त्रीला पाऊल ठेवता येत नव्हते, त्याच्याकडून रंगभूमीवरील स्त्रीस्वातंत्र्याचे पहिले धडे घेण्याची गरज भरतमुनींच्या देशाला नाही.

अवघ्या भारताचा वारसा

हा वारसा केवळ महाराष्ट्राचाही नाही. केरळातील कूडियाट्टम या संस्कृत नाट्यपरंपरेत स्त्रिया शतकानुशतके रंगमंचावर आहेत. तिच्यातूनच आलेल्या नंग्यारकूत्तूमध्ये एकटी स्त्री श्रीकृष्णचरित्र सादर करताना देवकी होते, कृष्ण होते आणि कंसही होते. आंध्रातील कुचिपुडीत वेदान्तम सत्यनारायण शर्मा यांची सत्यभामा लोकांनी डोक्यावर घेतली आणि शासनाने त्यांना पद्मश्री दिली. गुजराती रंगभूमीवरील जयशंकर यांना तर त्यांच्या गाजलेल्या स्त्रीभूमिकेचे 'सुंदरी' हे नाव जन्मभर चिकटले आणि १९७१ मध्ये त्याच नावाने पद्मभूषण मिळाले. काशीजवळच्या रामनगरच्या रामलीलेत सीता होणाऱ्या मुलाची भाविक आरती करतात. दादासाहेब फाळक्यांच्या 'लंकादहन' या १९१७ सालच्या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. प्रेक्षक भक्तीने हात जोडत होते. अर्धनारीनटेश्वराची पूजा करणाऱ्या, मोहिनीची आणि बृहन्नडेची कथा मुलांना सांगणाऱ्या समाजाला यात विपरीत काय वाटणार?

आपल्या नारदीय कीर्तनकाराचेच पाहा ना. पूर्वरंग संपवून तो आख्यानाला उभा राहतो. खांद्यावरचे उपरणे डोक्यावरून घेतले की तो हिरकणी. तेच कमरेला कसले की गडाचा पहारेकरी. एक टाळी, एक वळण, आणि तो सिंहासनाधीश महाराज. श्रोते क्षणभरही गोंधळत नाहीत. एका नटाने चार पात्रे करणे, मध्येच कथा थांबवून श्रोत्यांशी बोलणे, काळात मागेपुढे जाणे, हे ज्यांना अगम्य 'प्रायोगिक' वाटते त्यांनी जवळच्या देवळात जाऊन एक कीर्तन शेवटपर्यंत ऐकावे.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप योग्य आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. पुरुषांनी स्त्रीभूमिका केल्या त्यामागे केवळ कलाविचार नव्हता. घरंदाज स्त्रीला रंगमंच बंद होता आणि जी तेथे गेली तिला समाजाने प्रतिष्ठा दिली नाही. 'जयद्रथ विडंबन' आणि 'दामिनी' लिहिणाऱ्या हिराबाई पेडणेकरांना त्यांच्या हयातीत जे सोसावे लागले ते आपल्या समाजाला भूषणावह नाही. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही त्या काळी होत्या. त्यांत पुरुषांच्या भूमिका स्त्रियाच करीत. पण त्यांतल्या किती जणींची नावे आज कोणाला आठवतात? १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकर नाटक कंपनी घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कोठे दार किलकिले झाले. म्हणूनच म्हणतो, की ज्या काळी पुरुषाने स्त्री होणे ही सक्ती होती तो काळ परत नको. पण सक्ती गेली म्हणून कलाही जावी, हे कोणत्या न्यायाने? शिवाय तेव्हा जिला दाराबाहेर ठेवले, त्या मुलीला आज तानाजी नाकारून आपण तीच चूक नव्याने करीत नाही काय?

दुसरा आक्षेप असा, की आजच्या काही प्रयोगांचा हेतू कलेपेक्षा धक्का देण्याचाच असतो. असे प्रयोग आहेत. देवदेवतांची टिंगल करून टाळ्या मिळवणारेही आहेत. त्यांच्यावर टीका जरूर करावी, नाटक पाहून करावी, आणि मुद्देसूद करावी. भूमिका कशी केली हे विचारावे. ती कोणी केली, एवढ्यावरच निकाल देऊ नये. बालगंधर्वांनी स्त्रीचे सौंदर्य दाखवले, तिची थट्टा केली नाही. हीच खरी कसोटी आहे.

तिसरा आक्षेप मुलांच्या मनावरील परिणामांचा. रात्री नाटकात राम झालेला मुलगा सकाळी शाळेत धनुष्य घेऊन जात नाही. नाटक हे नाटक असते, हे मुलांना आपल्यापेक्षा अधिक चांगले कळते.

खरा अपमान कोठे होतो?

संताप करायचाच असेल तर त्यासाठी योग्य जागा आहे. गेली वीस-पंचवीस वर्षे दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांत पुरुषांना साड्या नेसवून उभे केले जाते. ते कशासाठी? स्त्रीच्या देहावर, चालीवर, वयावर हलके विनोद करण्यासाठी. तेथे ना साधना, ना स्वर, ना स्त्रीविषयी आदर. तमाशातली गवळणीची मावशीही पुरुषच करतो आणि तीही हसवते. पण तिच्या हजरजबाबीपणापुढे कृष्णाचे सवंगडी गारद होतात. हसे त्यांचे होते, मावशीचे होत नाही. हा फरक आपल्याला कळेनासा झाला आहे. सिंहगडावर चढू पाहणाऱ्या मुलीला अडवणारे आमचे सभासद रात्री हेच कार्यक्रम सहकुटुंब पाहतात आणि मनमुराद हसतात. संस्कृतीरक्षणाची ही कोणती तऱ्हा?

लहानपणी कोकणातल्या आजोळी जत्रेत पाहिलेला दशावतार आठवतो. एक साधा पडदा, एक लाकडी बाक, पायपेटी, मृदंग आणि झांज. लिहिलेली संहिता नाही. आख्यान कोणते हे ठरते आणि संवाद कलावंत तेथेच रचतात. गणपती, सरस्वती, संकासुर येऊन गेले की आख्यान रंगते ते पहाटेपर्यंत. त्या वर्षी पतीने टाकलेल्या राणीचा विलाप ऐकून अख्खी जत्रा रडली होती. सकाळी तेच कलावंत आमच्या ओसरीवर चहाला आले. राणी झालेल्या माणसाच्या डोळ्यांत अजून काजळ होते, दाढीचे खुंट वर आले होते, आणि तो गुडघ्यात डोके घालून पेंगत होता. आजीने पहिला कप त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "घ्या राणीसाहेब, रात्रभर फार सोसलंत." कोणीही हसले नाही. त्याने उठून आजीला वाकून नमस्कार केला.

आजी चौथीपर्यंतही शिकली नव्हती. नाट्यधर्मी हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. परंतु भरतमुनींना अभिप्रेत असलेला प्रेक्षक ती होती. आपण पदव्या घेतल्या, वर्तमानपत्रे चालवली, वसाहतींच्या समित्या चालवल्या, आणि तो प्रेक्षक आपल्यातून हरवला.

करावयाचे काय?

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांना आणि कुटुंबांना नम्रपणे सांगणे आहे. एखाद्या नाटकाविरुद्ध निवेदन देण्यापूर्वी ते नाटक पाहा. दशावतार, कीर्तन, भारूड आपल्या उत्सवात सन्मानाने बोलवा, आणि त्या कलावंतांना मानधन देताना घासाघीस करू नका. शाळेच्या स्नेहसंमेलनात भूमिका वाटताना मुलगा की मुलगी हे पाहण्याआधी आवाज कोणाचा पोचतो ते पाहा. आणि जे आपलीच ठेव परक्या वेष्टनात गुंडाळून आपल्याला नवी म्हणून विकू पाहतात, त्यांना हसतमुखाने सांगा, "या, बसा. हे घर आमचेच आहे."

यंदाच्या गणेशोत्सवाची पहिली बैठक पुढच्या रविवारी आहे. नाटक कोणते करायचे आणि भूमिका कोणाला द्यायच्या, हे विषय पत्रिकेवर आहेत. यंदा प्रस्तुत लेखक बोलणार आहे. ती मुलगी आता आठवीत आहे. एकदा हसे झाल्यावर ती पुन्हा वाचनाला येईलच, याची खात्री कोणी द्यावी? तिच्या घरी जाऊन तिला बोलावण्याची जबाबदारी, गेल्या वर्षी त्या बैठकीत बसलेल्या आम्हा सर्वांची आहे.